माल आधीच निघाला होता

चुकलं ते एका वाक्यात चुकलं, आणि ते वाक्य साधनाने चांगलं ताठ बसून, अभिमानाने लिहिलं होतं.

स्पेनच्या कर खात्याकडून विचारणा आली होती. रास अल खैमातली तुमची कंपनी कोण चालवतं, कुठून चालवतं? लेक स्पॅनिश करून देणार होती, म्हणून साधनाने आधी मराठीत लिहून काढलं. ‘कंपनीचे सगळे निर्णय मी स्वतः घेते. रोज मॅनेजरचा फोन येतो. मला विचारल्याशिवाय तिथं पान हलत नाही.’ मालकीणबाई बेफिकीर नाहीत, त्यांचं सगळीकडे लक्ष आहे, हे सरकारला कळावं एवढाच हेतू. जन्मभर पुण्यातल्या बँकेत, सोसायटीत, मुलीच्या शाळेत तिने असंच लिहिलं होतं. जबाबदार माणूस असंच लिहितं.

लेकीने, शुभ्राने, ते वकिलाला वाचून दाखवलं आणि वकिलाने कपाळाला हात लावला. नशीब, उत्तर अजून पाठवलं नव्हतं.

तिथला कायदा असा, की कंपनीचा जन्मदाखला कुठल्या का गावचा असेना, ती जिथून हाकली जाते तिथली धरायची. साधना तीन वर्षं स्पेनमधल्या कास्तेयोनला राहत होती, लेकीजवळ, नातवाजवळ. तिथल्या स्वयंपाकघरात बसून ती कंपनी चालवत असेल, तर अमिरातीतल्या रास अल खैमाची कंपनी स्पॅनिश ठरणार. मग तीन वर्षांच्या सगळ्या नफ्यावर तिथला कर, वर दंड, वर व्याज. साधनाच्या स्वतःच्या हातात जो पैसा येई त्यावर ती तिथं कर भरतच होती. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. प्रश्न कंपनीचा होता. आणि कंपनी म्हणजे तरी काय? एक शेड, दोन मिक्सर, एक फोर्कलिफ्ट आणि नऊ माणसं. टाइल्सवर नक्षी उमटवायचे रंग बनवणारी. एवढा बोजा पडला तर शेडला कुलूप, हे सांगायला वकील कशाला हवा?

“खोटं एक अक्षर लिहू नका,” वकिलाने सांगितलं होतं. “पण खरं काय आहे ते तिथं जाऊन नीट बघून या.”

म्हणून साधना विमानात बसली. खिडकीतून समुद्र दिसला, मग वाळू दिसली, आणि तिला काही वाटलं नाही. नवरा, दत्तप्रसाद, गेल्यापासून तिला काही वाटत नसे. रडूही नाही, रागही नाही. रिकामं जातं फिरावं तसे दिवस फिरत. घरघर होती, पीठ पडत नव्हतं. सकाळ यायची, चहा निवायचा, त्यावर साय धरायची. नातू, वेद, शाळेतून येऊन गळ्यात पडायचा तेव्हा ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि हात आपला नसल्यासारखा वाटायचा.

रोज एकच गोष्ट तिला उठवायची. रास अल खैमात मॅनेजर हमीदची दुपारची नमाज आटोपली की कास्तेयोनला तिच्या उशाशी फोन वाजायचा. “वहिनी, एक विचारायचं होतं.”

मग ती चष्मा शोधायची.

*

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात मुग्धाने दोघांसाठी दाट, कडक करक चहा मागवला. मुग्धा कर-सल्लागार, कोथरूडची, शुभ्राच्याच वयाची. बोलायची भरभर, आणि बोलता बोलता लॅपटॉपवर टकटक चालूच.

हमीद खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो रत्नागिरीचा, दत्तप्रसादने शेड उभारली तेव्हापासूनचा माणूस, आता मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कुलसुमने, त्याच्या बायकोने, बळेच घालायला लावला असणार, कारण कॉलर त्याला टोचत होती.

“हमीदभाई, रिलॅक्स. मी काही पोलीस नाही,” मुग्धा म्हणाली. “मला फक्त फॅक्ट्स हवेत. फोनखेरीज तुमचे मेसेजही आहेत. हा मार्चमधला बघा. तुम्ही लिहिता, ‘वहिनी, कोबाल्ट महाग झालाय, तरी घेऊ का?’ काकू दुसऱ्या दिवशी लिहितात, ‘घ्या.’ बरोबर?”

“बरोबर.”

“मग कोबाल्टची ऑर्डर आदल्या आठवड्यात कशी गेली? बिल माझ्याकडे आहे. जेबेल अली बंदरातून माल सुटलाय, तोही मेसेजच्या आधी.”

हमीदने गालिच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेरच्या तळ्याकडे बघितलं. मग बघायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा म्हणाला, “मॅडम, माल तर आधीच निघाला होता.”

“आधी? काकूंना विचारायच्या आधी?”

“हां.”

“बरं. आणि हे पगारवाढीचं? ‘मुलांचे पगार वाढवू का?’”

“वाढवून झाले होते.”

“रमजानमधली शिफ्ट?”

“बदलली होती.”

“आणि हे काय आहे?” मुग्धाला हसू आवरेना. “‘वहिनी, फोर्कलिफ्टच्या सीटला कव्हर घालायचंय. काळं घालू की निळं?’”

“ते... काळं शिवून आलं होतं.”

 साधनाने कप खाली ठेवला. “आणि मी निळं म्हटलं असतं तर?”

“नसतं म्हटलं, वहिनी.” हमीद अगदी हळू बोलला. “मी काळं आधी बोललो ना. तुम्ही नेहमी पहिलं तेच घेता.”

मुग्धा टाळी वाजवायची तेवढी राहिली. “हमीदभाई, यू सेव्ड द कंपनी! तुम्हाला कळतंय का? कागदावर तुम्ही मॅनेजर, सहीचा अधिकार तुमचा, बँक तुमची, निर्णयही तुमचेच, आणि सगळे इथं बसून घेतलेले. मेसेज नुसते शिष्टाचाराचे. प्रत्येक ऑर्डरची तारीख प्रश्नाच्या आधीची. काकू, तुमची कंपनी शंभर टक्के रास अल खैमाची आहे. खलास! मी दोघांची स्टेटमेंट्स ड्राफ्ट करते. हमीदभाई लिहितील, सगळं मी ठरवलं. तुम्ही लिहाल, मी काही ठरवलं नाही.”

“मग तीन वर्षं मी काय करत होते, असं त्यांनी विचारलं तर?”

“तर सांगायचं, काही नाही.”

“काही नाही,” साधना म्हणाली. किती सहज म्हणाली. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर ओठावर बोट ठेवावं, तसा तो शब्द तोंडात होता आणि नव्हताही.

*

परतीच्या रस्त्यावर गाडी हमीद चालवत होता. शारजा मागे पडलं, उम्म अल कुवेनच्या पाट्या आल्या, दोन्ही बाजूंना वाळू आणि तारेचं कुंपण, कुंपणाआड उंट.

“गाडी थांबवू का, वहिनी? पाणी घ्यायचंय?”

“थांबवायचं आधीच ठरवलंयस का?”

हमीदने थोबाडीत बसल्यासारखी नजर रस्त्याकडे वळवली. साधनाला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढच्या पंपावर त्याने गाडी घेतलीच. इंजिन चालू, एसी चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“शुभ्राताईंचा फोन आलेला,” तो समोर बघत म्हणाला. “दादांचं सगळं झालं, तुम्ही तिकडे गेलात, त्यानंतर. बोलल्या, काका, आई उठत नाय. जेवत नाय. भिंतीकडे तोंड करून पडते. मी काय करणार इथं बसून? मी रंग कालवणारा माणूस. रात्रभर विचार केला. सकाळी फोन लावला आणि तोंडातून निघालं, ‘वहिनी, जस्त संपत आलाय, मागवू का?’ जस्त गोदामात मावत नव्हता. पण तुम्ही बोललात, ‘केवढ्याला पडतो?’ तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोललात. शुभ्राताई मागून रडत होत्या, मला ऐकू आलं. मग दुसऱ्या दिवशी पण लावला.”

“आणि तिसऱ्या.”

“आणि तिसऱ्या. नंतर नंतर प्रश्न सापडायचे नाय हो! धंदा लहान, त्यात रोज काय विचारणार? कुलसुम शोधून द्यायची. भांडी घासता घासता ओरडायची, ‘आज पाण्याच्या टाकीचं विचारा!’ ते सीटचं कव्हर तिचंच डोकं.”

“म्हणजे तुम्ही दोघं मिळून मला खेळवत होतात.”

“खेळवत नाय, वहिनी.” त्याला शब्द सापडेना. “पोराला उठवताना आपण बोलतो ना, चल, मला जरा मदत कर. मदत कुठं हवी असते?”

साधनाने काचेतून बाहेर बघितलं. एक माणूस टायरमध्ये हवा भरत होता. तिला आठवत होते ते तीन वर्षांतले दिवस, एकेक. कोबाल्टवर तिने किती वाचलं होतं. जस्ताचे भाव रोज बघायची. शुभ्रा म्हणायची, आई, वेदच्या शाळेत येतेस का? तर ही म्हणायची, नाही गं, हमीदचा फोन यायचाय, माझी कंपनी आहे. ‘माझी कंपनी’ म्हणताना मान जरा उचलली जायची. तेवढीच मान उचलली जायची दिवसभरात.

“एक तरी, हमीद?”

“काय?”

“एक तरी गोष्ट मी ठरवली? नीट आठव. माझं मन राखायला सांगू नकोस, खूप राखलंस.”

हमीदने खरंच आठवलं. किती वेळ गेला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तो हात दाखवून तसाच बसून राहिला.

“एक आहे,” तो म्हणाला. “शारजाच्या फॅक्टरीचं. तो उधारीवर मोठी ऑर्डर मागत होता. मी हो बोललो होतो, ट्रक भरून रवाना केला होता. आणि नेहमीसारखं तुम्हाला विचारलं, ‘उधारीवर देऊ का?’ तुम्ही बोललात, नको.”

“मी नको म्हटलं?”

“तीन वर्षांत एकदाच. बोललात, ‘यांना तो माणूस कधी आवडला नव्हता, त्याला काही द्यायचं नाही.’ मी घाबरलो. ट्रक तेव्हा शारजाच्या गेटवर! ड्रायव्हरला फोन केला, बोललो, फिरव. तो बोलला, चाचा, टेम्परेचर चढलंय काय? माल परत आणला. त्या शेठने मला काय काय ऐकवलं, तुम्हाला सांगण्यासारखं नाय.”

“बरं झालं ना पण? तो माणूस बुडव्याच निघाला असता.”

हमीदने मान खाजवली. “नाय, वहिनी. तो एकदम वेळेवर पैसे देतो. आता दुसऱ्याकडून घेतो. आपले ऐंशी हजार दिरहम तरी गेले. म्हणजे एकोणीस लाख रुपये.”

 मग साधनाच्या घशातून काहीतरी आवाज आला. हमीद दचकला, त्याला वाटलं ठसका लागला. तो ठसका नव्हता, आणि हसूही पुरतं नव्हतं.

“माझा एकच निर्णय,” ती म्हणाली. “आणि त्यात एकोणीस लाखांचा चुराडा.”

“दादांनी पण नकोच सांगितलं असतं,” हमीद म्हणाला. “त्यांचा पण धंद्यापेक्षा राग मोठा होता.”

*

तिने तिथूनच मुग्धाला फोन लावला. मुग्धाने सगळं ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच तिची टकटक थांबली.

“काकू, हे लिहू नका.”

“का? खरं आहे.”

“खरं आहे म्हणूनच. बघा ना. बाकी सगळीकडे तुम्ही ‘हो’ म्हणालात, त्याला किंमत नाही, कारण काम झालेलं होतं. पण एकदा ‘नको’ म्हणालात आणि भरलेला ट्रक परत फिरला. ते म्हणतील, शेवटचा शब्द बाईंचाच होता, आणि बाई होत्या स्पेनमध्ये. आपलंच सगळं उलटं पडेल. प्लीज.”

“त्यांनी काय विचारलंय, वाच बरं पुन्हा.”

मुग्धाने वाचलं. या काळात तुम्ही कंपनीच्या व्यवहारात कधी निर्णय घेतला का?

“कधी, असं विचारलंय,” साधना म्हणाली.

“हो, पण...”

“मग ‘कधीच नाही’ मी कसं लिहू?”

“काकू, नऊ माणसांच्या नोकऱ्या आहेत. हमीदभाई, तुम्ही सांगा ना यांना!”

हमीदने फोनकडे बघितलं, साधनाकडे बघितलं. त्याच्या ओठावर नेहमीचं ते ‘तुम्ही म्हणाल तसं’ आलं होतं. ते त्याने गिळलं. त्याच्या डोळ्यांपुढे शेड आली असेल, लेकीची, दुआची, फी आली असेल, गावी बांधायला काढलेलं घर आलं असेल. बराच वेळ त्याच्या अंगठ्याने स्टिअरिंगवरची शिवण घासली.

“मला भीती वाटते, वहिनी,” शेवटी तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? ते लिहू नये असं वाटतं. पण ट्रक परत फिरला होता. ड्रायव्हरला ठाऊक, त्या शेठला ठाऊक. उद्या कुणी त्याला विचारलं तर तो छातीठोक सांगेल. मग बाकीचं खरं पण खोटं पडेल. लिवा.”

“हा कुणाचा निर्णय?” साधनाने विचारलं.

“माझा,” हमीद म्हणाला. आणि बोलून झाल्यावर त्याने कपाळ पुसलं.

मुग्धाने उसासा सोडला. “ठीक आहे. मग ते वाक्य नीट लिहू. एकच प्रसंग, उधारीचा, मालकिणीच्या नात्याने. तिथला वकील बघेल काय करायचं ते. मी प्रॉमिस करू शकत नाही, काकू. चान्सेस चांगले होते, आता बरे आहेत. पण मग पुढचं तरी कडेकोट करायचं. तुम्ही डायरेक्टर म्हणून राजीनामा द्यायचा. शेअर तुमचे, कारभार पूर्ण हमीदभाईंचा. आणि ते रोजचे फोन बंद.”

“फोन पण नाय?” हमीद एवढ्या मोठ्याने ओरडला की हवा भरणाऱ्या माणसाने वळून बघितलं.

“हालहवाल विचारा की! तब्येत, पोरं, पाऊसपाणी. धंद्याचं अवाक्षर नाही. वर्षातून एकदा हिशेबाची मीटिंग, ती इथं येऊन. चालेल, काकू?”

साधनाला वाटलं होतं, आता कुठेतरी दुखेल. तिने वाट बघितली. फक्त एसीचं वारं गुडघ्यांवर गार लागत होतं.

“चालेल,” ती म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी दोघांनी सह्या केल्या. हमीदने ‘एक सोडून सर्व निर्णय मी घेतले’च्या खाली, साधनाने ‘तो एक माझा’च्या खाली. राजीनाम्यावर सही करताना पेन अडखळलं, ते शाई संपत आली होती म्हणून. सरकारी कागद करून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या बाईने दुसरं पेन दिलं. झालं.

हमीद तिला घरी सोडून जुम्म्याच्या नमाजला गेला. त्याचं घर शेडपासून जवळच होतं. कुलसुमने पाहुणीला आतली खोली दिली होती. साधना पलंगावर पडली. भिंतीला फिकट पिवळा रंग होता. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मशिदीतला आवाज थांबला. ही तिच्या फोनची वेळ. फोन उशाशी होता. वाजणार नव्हता, तिला ठाऊक होतं, तरी कान तिकडे लागले. बाहेर चपला वाजल्या, कुणाची तरी गाडी सुरू झाली. कुलसुम लेकीवर ओरडत होती.

“दुआ, आंटीला पाणी नेऊन दे!”

“शी ऑलरेडी हॅज वॉटर, अम्मी.”

“मग सरबत दे!”

“शी इज स्लीपिंग.”

साधना झोपली नव्हती. ती फक्त पडली होती, आणि पडून राहायला आता कुणाची हरकत नव्हती. कुणी काही विचारणार नव्हतं. जस्त संपलं तर संपलं, कव्हर फाटलं तर फाटलं. उद्या कास्तेयोनला जाऊन त्या भिंतीकडे तोंड करून पडता येणार होतं, परवाही, तेरवाही. तिने हा दिवसांचा रस्ता डोळ्यांनी शेवटपर्यंत चालून बघितला. त्याला शेवट नव्हता. पिवळ्या भिंतीवर एक मुंगी वर चालली होती, तोंडात साखरेचा कण घेऊन. घसरायची, पुन्हा चढायची.

मग साधना उठली. का उठली ते तिला सांगता आलं नसतं. पाय खाली सोडले, गार फरशीला टेकवले, आणि ती स्वयंपाकघराकडे गेली.

शुक्रवारी शेडची सगळी माणसं हमीदकडे जेवायला यायची. मोठ्या पातेल्यात कोळंबीचं कालवण रटरटत होतं, ओट्यावर तांदळाच्या भाकऱ्यांची उतरंड लागली होती, आणि कुलसुमचे दोन्ही हात पिठात होते.

“वैनी, उठलात? बरं झालं. जरा कालवण चाखून बघा ना, मीठ बरोबर आहे का?”

साधना दारातच थांबली. “खरंच विचारतेस? की नवऱ्यासारखं?”

कुलसुमने पिठाचे हात तसेच हवेत धरले. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग ती खो खो हसत सुटली. “अल्ला! खरंच विचारते, वैनी. घातलं की नाय तेच आठवेना. दुआने डोकं खाल्लं ना!”

साधनाने पळी घेतली, तळहातावर दोन थेंब टाकले, जिभेला लावले. आधी नुसतं गरम लागलं. मग हळूहळू, लांबून कुणी चालत यावं तसं, चिंच आली, खोबरं आलं, तिखट आलं.

“अजिबात नाहीये.”

“बघा! घाला मग. तो निळा डबा.”

“किती माणसं आहेत?”

“नऊ ती, आणि आपण.”

साधनाने डबा उघडला. बाहेर फाटकापाशी माणसांचे आवाज आले; कुणीतरी मोठ्याने हसलं, कुणीतरी हमीदला काही विचारत होतं. तिने पदर खोचला आणि पातेल्यावर वाकली. वाफेने चष्मा धुरकटला, तेव्हा तो काढून तिने कपाळावर सरकवला.